उतरंडीतला पैसा

"मराठवाड्यातल्या माणसाला शिल्लक टाकायची सवयच नाही." हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून ऐकत आलो आहे. शाळेत अल्पबचतीवर भाषण द्यायला येणारे साहेब म्हणायचे, बँकेत बदलून आलेले मॅनेजर म्हणायचे, आणि आता मोबाईलवर 'रोज शंभर रुपये बाजूला टाका' असं शिकवणारी पोरंही तेच म्हणतात. मागच्या दोन-तीन महिन्यांत घरातल्या जुन्या वह्या आणि पासबुकं चाळत बसलो होतो. ती चाळताना या वाक्याला उत्तर द्यावं असं वाटू लागलं, म्हणून हे टिपण. नात्यातल्या मंडळींनी आणि नेहमीच्या ब्लॉगमित्रांनी गोड मानून घ्यावं. जरा लांबलं आहे.

माझं म्हणणं असं, की सवय होती आणि चांगली पक्की होती. विशेषतः बायकांना. अडचण होती ती ठेवायच्या जागेची. आमच्याकडच्या बाईने साठवलेला पैसा गेल्या पाऊणशे वर्षांत कुठे कुठे राहायला गेला हे पाहिलं, की घराच्या आर्थिक स्थितीचा अर्धा इतिहास कळतो.

ज्यांनी उतरंड पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. माजघराच्या कोपऱ्यात मातीची मडकी एकावर एक रचलेली असायची. सगळ्यात मोठं खाली, लहान होत होत वर. त्यात डाळी, तीळ, करडई, मिरची, पुढच्या पेरणीचं बी. वाशी हे बालाघाटच्या डोंगररांगेवरचं गाव. रान बरंचसं हलकं, पाऊस लहरी, आणि आता सगळीकडे सोयाबीन दिसत असलं तरी तेव्हा भिस्त ज्वारीवर. ज्या वर्षी पिकलं त्या वर्षी पुढच्या वर्षाची काळजी करायची, ही इथली रीत. तेव्हा उतरंड हीच तिजोरी. बाईचा स्वतःचा पैसा या उतरंडीतच असायचा, डाळीच्या खाली, चिंधीत गाठ मारून, आणि बहुतेक वेळा मधल्या मडक्यात. मधल्याच का, तर वरचं मडकं कुणीही उघडतं, खालचं काढायला सगळी उतरंड उतरावी लागते आणि घरभर कळतं. मधल्या मडक्यापर्यंत कसं पोचायचं ते फक्त घरच्या बाईला ठाऊक.

पैसा यायचा कुठून? शेतातल्या मालाचा पैसा पुरुषाच्या हातात. बाईकडे यायचा तो कडेकडेने. सुगी झाल्यावर रानात पडलेली कणसं वेचायची, त्याला आमच्याकडे सरवा म्हणतात. सरव्याची ज्वारी आमच्या घरात आईची. कोंबडीची अंडी, घरच्या शेंगा, चिंचा फोडून काढलेले चिंचोके, दुसऱ्याच्या रानात वेचणीला गेल्यावर मिळालेला वाटा. दूध भट्टीवर जायचं. भूम-वाशीकडचा खवा तेव्हाही नावाजलेला होता. तो हिशोब वडील बघायचे. घरी ठेवलेल्या दुधाचं ताक-तूप मात्र आईचं. आठवडी बाजाराच्या दिवशी यातला काही माल जायचा आणि परत येताना दोन-चार आणे कनवटीला असायचे. शिवाय रोज भाकरीचं पीठ काढताना मूठभर ज्वारी वेगळ्या गाडग्यात पडायची. त्या मुठीची बेरीज करून बघा. एक मूठ पन्नास ग्रॅम धरली तर वर्षाला अठरा किलो होतात. आमच्या सहा माणसांच्या घराला श्रावण-भादव्यात, जुनं धान्य संपलेलं आणि नवं आलेलं नाही अशा दिवसांत, आठ-दहा दिवस पुरतील एवढी.

आता या तिजोरीला पडलेलं पहिलं भोक. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि निजामाचं चलन वेगळं होतं. त्याला उस्मानिया सिक्का किंवा साधं 'हाली' म्हणत, त्यावर चारमिनार असायचा. इंग्रजी रुपयाला म्हणायचे 'कलदार'. दर ठरलेला, सात हाली म्हणजे सहा कलदार. सतरा सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५० ला भारतीय रुपया हालीच्या जोडीने सुरू झाला, पुढच्या वर्षी हाली काढणं थांबलं आणि १९५९ पर्यंत तो व्यवहारातून पुरता गेला. माझ्या आजीकडे बेचाळीस रुपये हाली होते. ते बदलून आणले तेव्हा हातात छत्तीस आले. हिशोब चोख होता, पण आजीला तो शेवटपर्यंत पटला नाही. मधले सहा रुपये माझ्या चुलत्याने खाल्ले असं ती मरेपर्यंत म्हणायची. बिचारे चुलते! मी चौथीत गेल्यावर त्रैराशिक मांडून तिला दाखवलं तर म्हणाली, "तू बी त्येच्याच बाजूचा."

पाठोपाठ एक एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे किंवा चौसष्ट पैसे होते त्याचे शंभर 'नये पैसे' झाले. चार आण्याला पंचवीस हे सरळ. पण एका आण्याला सव्वासहा येतात, सव्वा पैशाचं नाणं कुठे आहे? म्हणून आण्याला सहाच मिळायचे. एकेक आणा करून चार वेळा दिले तर चोवीस. ज्यांचं सगळं आयुष्य एकेका आण्यात चाललं होतं त्यांच्या वाट्याला हा फरक आला. रक्कम किरकोळ होती. पण बाईच्या मनात एक गोष्ट बसली, की सरकार नाणं बदलतं, तेव्हा नाण्यापेक्षा सोनं बरं.

सोन्याविषयी आमच्याकडे जेवढा उपदेश झाला तेवढा क्वचितच कशाविषयी झाला असेल. १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना नवा दागिना चौदा कॅरटच्या वर करायचा नाही असा नियम आला, १९६८ ला सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत होता. शहाणे लोक म्हणायचे, सोन्यात पैसा अडकवणं म्हणजे अडाणीपणा. मला हे कधी पटलं नाही. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, घर नाही, जिला सही येत नाही आणि जिच्या गावात बँक नाही, तिने काय करावं? गळ्यातलं डोरलं ही एकच ठेव अशी होती जी घेऊन ती माहेरी जाऊ शकत होती. त्यातलं भोक वेगळं होतं. अडीनडीला दागिना सावकाराकडे जायचा आणि बऱ्याचदा परत यायचा नाही. सावकाराचा दर शेकडा दोनपासून पाचपर्यंत, तोही महिन्याला. धान्य उसनं घेतलं तर सवाई किंवा दिढी, म्हणजे पोतं नेलं तर सुगीला सव्वा किंवा दीड पोतं घालायचं. चार-सहा महिन्यांसाठी पन्नास टक्के! हे गणित मी सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलं एकमेकांकडे बघायची. त्यांच्या घरात तेच चाललेलं असायचं.

बहात्तरचा दुष्काळ ही या सगळ्याची परीक्षा होती. मी तेव्हा विशीत होतो. उतरंडीतली मडकी एकेक करून खाली आली, सरवा नाही, मूठ टाकायला ज्वारी नाही. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळायचा, तो मळताना भाकरी तुटायची. डोरली, पाटल्या, शेवटी तांब्यापितळेची भांडीसुद्धा गहाण पडली. पण त्याच वर्षी दुष्काळी कामं निघाली. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला (१९७७ साली मंजूर, २६ जानेवारी १९७९ पासून लागू). या कामांवर बायका फार मोठ्या संख्येने होत्या. मस्टरवर बाईचं स्वतःचं नाव, अंगठा तिचा आणि पगार तिच्या हातात. मला वाटतं आमच्या भागातल्या हजारो बायकांनी 'हा माझा पैसा' असं उघडपणे पहिल्यांदा म्हटलं ते त्या खडीच्या ढिगावर. सुकडीचं पाकीट सगळ्यांना आठवतं. मस्टरची आठवण कुणी काढत नाही.

पोस्टाची बचत बँक देशात १ एप्रिल १८८२ पासून आहे. पण आमच्याकडच्या बाईला पोस्ट माहीत होतं ते मनीऑर्डरपुरतं. खातं म्हणजे घरच्या कर्त्या माणसाचं. ते बदलायला दोन गोष्टींची मदत झाली. १९७२ मध्ये महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आली, त्यात पोस्टाच्या आवर्त ठेवीच्या एजंट बायकाच. त्या दुपारी, पुरुष कामावर गेले की, घरोघर जायच्या. हा वेळेचा मुद्दा बारीक आहे, पण सगळं त्यात आहे. दुसरी गोष्ट म्हणजे शाळेतली संचयिका.

संचयिका मी बरीच वर्षं सांभाळली, त्यामुळे तिच्याविषयी जरा जास्त लिहितो. शाळेतच मुलांची बँक. मुलांपैकीच कुणी मॅनेजर, कुणी कॅशियर, प्रत्येकाला पासबुक, आणि जमलेली रक्कम पोस्टात शाळेच्या खात्यावर. १५ सप्टेंबरला संचयिका दिन साजरा व्हायचा. आमच्याकडे दर शनिवारी सकाळी भरणा असे. पाच पैसे, दहा पैसे, पोळ्याला किंवा येडाईच्या जत्रेला पाहुण्यांनी हातावर ठेवलेला एखादा रुपया. कॅशियर पोरगं इतक्या गांभीर्याने नाणी मोजायचं की हसू यायचं. रक्कम काय, वर्षाअखेर कुणाची सहा रुपये, कुणाची अकरा. पण एका मुलीची गोष्ट सांगतो. सातवीत होती, तिचे सव्वीस रुपये जमले होते. पेरणीच्या तोंडावर वडील शाळेत आले, म्हणाले गुरुजी, बियाण्याला कमी पडतायत, पोरीचे पैसे द्या. मी म्हटलं, नियमाप्रमाणे तिची सही लागते. मुलगी आली, मान खाली घालून उभी राहिली आणि सही करेना. बाप ओरडला नाही, हे त्याचं मोठेपण. तो गेला. दोन दिवसांनी मुलगी स्वतः आली, वीस रुपये काढले, बापाला नेऊन दिले आणि सहा खात्यात ठेवले. वीसच का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "समदे दिले तर परत शून्यापासून सुरू करावं लागतंय." बचतीवर मी ऐकलेल्या भाषणांत इतकं नेमकं कुणी बोललं नाही.

नोकरदारांना मात्र सरकारने सक्तीनेच बचत करायला लावली होती. १९७४ साली महागाई आवरायची म्हणून केंद्राने कायदा केला आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग परस्पर ठेवीत टाकला. आम्ही शिक्षक कुरकुरलो. घरचे म्हणाले, हातात आला असता तर राहिला असता का!

ऐंशी-नव्वदच्या दशकात पैसे ठेवायच्या जागा एकदम वाढल्या. मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ मध्ये निघाली होती, तिच्या शाखा वाढल्या. पोस्टात किसान विकास पत्र आलं (१९८८), साडेपाच वर्षांत दामदुप्पट! आज त्याच पत्राला दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात. बायकांची भिशी होतीच, दहा जणींनी महिन्याला पन्नास काढायचे आणि चिठ्ठी निघेल तिला पाचशे. भिशीत व्याज नाही, कागद नाही, नुसता विश्वास. तरी ती बुडाल्याचं मी फार कमी ऐकलं. आणि पिग्मी आली. पिग्मीचा शोध उडुपीचा. तिथल्या पै मंडळींच्या बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, १९२८ मध्ये रोज दोन आणे घरी येऊन गोळा करायला सुरुवात केली. ती कल्पना फिरत फिरत आमच्या पानटपरीपर्यंत आली. संध्याकाळी एजंट दुकानोदुकान फिरून पाच-दहा रुपये घ्यायचा. ज्याला महिनाअखेर पाचशे एकदम काढणं जमणार नाही तो रोज वीस सहज काढतो, हे मानवी स्वभावाचं गणित त्या लोकांनी बरोबर ओळखलं होतं.

इथलं भोक मात्र मोठं निघालं. आमच्या भागातली एक पतसंस्था (नाव घेत नाही) एके दिवशी उघडलीच नाही. आमच्या घरचे बावीस हजार त्यात होते, शेजारच्या चहावाल्याची आठ वर्षांची पिग्मी होती. तो रोज त्या बंद शटरपुढून जायचा. लोकांना वाटत होतं, सरकार देईल. इथे एक गोष्ट स्पष्ट माहीत असावी म्हणून लिहितो. १९६० साली लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर देशात ठेव विम्याचा कायदा झाला. सुरुवातीला विमा दीड हजारांचा होता, १९९३ पासून एक लाख, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. पण हा विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थेला नाही. पाटीवर किती मोठी अक्षरं आहेत त्याचा याच्याशी संबंध नाही. आमच्या बावीस हजारांपैकी नऊ परत आले, तेही सहा वर्षांनी.

याच काळात ते घडलं ज्याच्यामुळे आमच्या जिल्ह्याचं नाव जगात गेलं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला आलेले. किल्लारीचा भूकंप. वाशी तिथून बरीच लांब, आमच्याकडे भांडी वाजली, भिंतींना चिरा गेल्या. पण उमरगा, लोहारा, औसा, निलंगा भागात दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर आली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मदतीला गेलो तेव्हा ढिगाऱ्यात फुटलेल्या उतरंडी पाहिल्या. डाळ, माती, मडक्याच्या खापऱ्या आणि मधूनच चिंधीची गाठ. ज्या बाईची ती गाठ होती ती बहुधा नव्हतीच. तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो, पण त्याविषयी जास्त लिहवत नाही.

पुनर्वसनासाठी जागतिक बँकेच्या मदतीने मोठा कार्यक्रम आला. प्रेमा गोपालन यांची 'स्वयम शिक्षण प्रयोग' ही संस्था त्यात लोकसहभागाचं काम बघत होती. त्यांनी गावोगावच्या साध्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं. घर कुठवर आलं, हप्ता मिळाला का, सिमेंट किती आलं हे त्या बायका विचारू लागल्या आणि लिहू लागल्या. घरं झाल्यावर या बायका परत चुलीपुढे जाऊन बसल्या नाहीत. त्यांची मंडळं झाली आणि मंडळांतून बचत गट. तिकडे नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केलाच होता, आणि राज्यात १९७५ पासून असलेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं 'माविम', गट बांधू लागलं होतं. नव्वदीच्या शेवटाला ही लाट वाशीकडेही पोचली.

आमच्या सौभाग्यवती त्यात गेल्या. पंधरा जणी, महिन्याला वीस रुपये, म्हणजे तीनशे. वर्षाचे छत्तीसशे. नियम पाच: ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि लिहिलेला हिशोब. कर्जाला शेकडा दोन रुपये महिना. मला हा दर जास्तच वाटला, तसं मी बोललोही. तेव्हा गटातल्या एका निरक्षर बाईने मला समजावलं. हजार रुपये दहा महिने वापरले तर सावकाराला व्याजाचे पाचशे जायचे. गटात दोनशे जातात, आणि ते दोनशे जातात कुठे? आमच्याच पेटीत. वर्षाअखेर वाटणी झाली की त्यातले काही मलाच परत. एवढं साधं!

पण त्या गटाने आमच्या घराला जे दिलं ते कर्ज नव्हे, वही. लिहायचं कसं हे बैठकीत शिकल्यावर हिने घरासाठीही एक शंभर पानी वही घातली. दूध, किराणा, रॉकेल, दळण, पाहुणे, औषध, 'किरकोळ'. तीन महिन्यांनी बेरीज केली तर 'किरकोळ' हा रकाना साखर आणि रॉकेल मिळून होतं त्यापेक्षा मोठा निघाला. मग किरकोळची फोड केली. सुट्टे नाहीत म्हणून घेतलेल्या गोळ्या, बसस्टँडवरचा चहा, उधारीच्या दुकानात दोन रुपये महाग पडणारा साबण. कुणाला ओरडा बसला नाही, कशावर बंदी आली नाही. फक्त साबण महिन्याचा एकदम आणायचा आणि रोख. त्या एका बदलातून गटाचे वीस रुपये निघाले. सगळ्या वह्या माझ्याकडे आहेत, एकूण तेवीस. एका वहीत पावसाळ्याच्या दिवसांत सलग चार पानं कोरी आहेत. त्या महिन्यात माझी आई गेली.

आता अलीकडचं थोडक्यात. आठ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या. १९७८ मध्येही हजार, पाच हजार, दहा हजारच्या नोटा बंद झाल्या होत्या, पण त्या आमच्या गावाने पाहिल्याच नव्हत्या. या वेळी मात्र भोक थेट मधल्या मडक्याला पडलं. डब्यातून, गादीखालून, देव्हाऱ्यातून नोटा निघाल्या आणि त्या नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात द्याव्या लागल्या, कारण रांगेत दिवसभर कोण उभं राहणार? पैसा बुडाला नाही, खात्यात गेला. पण गुपित गेलं. एका ओळखीच्या म्हाताऱ्या बाईचे साडेअकरा हजार निघाले. सून म्हणाली, आत्याबाई, एवढे होते तर माझ्या बाळंतपणाला का नाही काढले? म्हातारी म्हणाली, "तुजं बाळतपण नीट झालं. नीट झालं नसतं तर काढले असते." या उत्तरावर मी अजून विचार करतो.

आणि एक गोष्ट सलते. आज गावात 'गट' म्हटलं की नव्या मुलींना वेगळंच काही समजतं. खाजगी फायनान्स कंपन्या दहा-वीस बायकांना एकत्र बसवून कर्ज देतात, आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता, एकीचा चुकला तर बाकीच्या तिच्या दारात. त्यालाही लोक बचत गटच म्हणतात. त्यात बचत कुठे आहे? बाई आधी जमवते आणि मग उचलते, हा जुन्या गटाचा क्रम होता. इथे आधी उचलते आणि मग जन्मभर भरते. आंध्रात याच प्रकाराने २०१० मध्ये हाहाकार झाला आणि तिथल्या सरकारला ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढावा लागला. माझ्या माजी विद्यार्थिनींपैकी दोघींच्या घरी एकाच वेळी अशा चार-चार कंपन्यांचे हप्ते चालू आहेत. एका कंपनीचा भरायला दुसरीचं घ्यायचं. उमेद अभियानातून आणि माविममधून चालणारे खरे गट आहेत, चांगले आहेत, पण त्यांच्या बैठकीला वेळ लागतो आणि कंपनीचा माणूस मोटारसायकलवर दारात येतो. त्या दोघींना मी वही घालायला सांगितली आहे. एकीने घातली. तिच्या पहिल्याच पानावर लाडकी बहीणचे पंधराशे जमेला आहेत आणि खाली हप्त्यांचे सहा हजार दोनशे खर्चाला. किमान आकडे समोरासमोर आले. दोन कंपन्यांचे हप्ते संपले की नवीन उचलायचं नाही असं तिने नवऱ्याला सांगितलंय. बघू.

एक बरी बातमीही लिहितो, नाहीतर म्हातारा नुसता रडतो म्हणाल. २०१२ पासूनच्या सलग दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी घरच्या रानातला अर्धा-एक एकर स्वतःसाठी मागून घेतला आणि त्यात ज्वारी-कडधान्यं, भाजीपाला असं घरात खायला लागणारं पेरलं. त्या 'एक एकर शेती'च्या कामासाठी स्वयम शिक्षण प्रयोगला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या. वह्यांच्या हिशोबाने पाहिलं तर भाजी आणि डाळ विकत आणायची थांबली तर किराण्याचा बराच मोठा तुकडा हातात राहतो. माझ्या आईला हे बक्षीस वगैरे सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग सरवा कुणाचा?

नात्यातल्या मंडळींना आता एक विनंती. संचयिकेचं जुनं पासबुक, हाली रुपया, पोस्टाचं बंद पडलेलं खातेपुस्तक, असं काही कुणाकडे असेल तर फोटो काढून पाठवा. मी सगळं तारखेने लावून ठेवतोय. आणि माळवदाचे जुने वाडे पाडताना तुमच्याकडे उतरंडीत काही सापडलं असेल तर तेही कळवा. रक्कम सांगायला संकोच वाटत असेल तर नका सांगू. मडकं कितवं होतं तेवढं सांगा.